ऑफिसचा खाऊ: वडी पास, लाडू अजून रांगेत

मंडळी, ऑफिसच्या खाऊचं गाडं पुढे सरकलंय. नव्यांसाठी थोडक्यात: मी ठाण्यात राहते, ऑफिस ऐरोलीला, आणि टीममध्ये कुणाचा वाढदिवस आला की खायचं बघायचं खातं हौसेनं माझ्याकडे घेतलंय. दोघांना डायबेटिस, त्यातले साहेब इन्सुलिनवर. अकाउंट्समधल्या ताईंना शेंगदाणा आणि काजू-बदाम वर्ज्य. एकाला गहू अजिबात चालत नाही. माझी अट एकच: पेशंटांची वेगळी डिश नाही. एकच ट्रे, सगळ्यांनी खायचा.

मिठाईच्या दुकानातलं शुगर-फ्री काउंटर मी बादच केलंय. साखर काढली की तिथे काजू, बदाम, अंजीर, खजूर येऊन बसतात, म्हणजे साहेबांची सोय आणि ताईंची पंचाईत. त्यात खजूर म्हणजे १०० ग्रॅममागे साधारण ६५ ग्रॅम साखर. ‘नैसर्गिक’ म्हटल्यानं ती रक्तात शिरायची थांबत नाही. गुळाचंही तेच. शुगर-फ्री चॉकलेट-बिस्किटांत बरेचदा साखरेऐवजी माल्टिटॉल नावाचा गोड पदार्थ असतो. त्यानं साखर कमी वाढते, पण वाढते, आणि चार तुकडे जास्त खाल्ले तर पोट तक्रार करतं. उरलेल्या मीटिंगमध्ये ते कुणाला हवंय!

म्हणून आधी तिखट पक्कं केलं. कोथिंबीर वडी, पण कूट नाही आणि तीळही नाहीत. एफएसएसएआय, म्हणजे केंद्राची अन्नसुरक्षा यंत्रणा, हिच्या २०२० च्या लेबल नियमांत शेंगदाणा, सुकामेवा, दूध, सोया, गहू वगैरे अ‍ॅलर्जीचे घटक म्हणून जाहीर करणं बंधनकारक आहे. तिळाचं नाव त्या यादीत नाही, त्यामुळे तिळाच्या बाबतीत पाकिटावरच्या अ‍ॅलर्जीच्या सूचनेवर विसंबायचं नाही. कुटानं येणारा दाताखालचा खुसखुशीतपणा गेला, तो भिजवलेली चणाडाळ जाडसर भरडून परत आणला. डाळ पूर्ण वाटली तर वडी गुळगुळीत होते, म्हणून मिक्सर दोनदाच फिरवायचा. वाफवल्यावर पूर्ण गार होऊ द्यायची, मगच कापायची, आणि तव्यावर सूर्यफुलाच्या तेलात परतायची. आपल्याकडे सवयीनं शेंगदाणा तेल हाताला येतं, तेवढं सांभाळा. डाळी-बेसन ताईंना चालतं ना, हे मी त्यांना विचारूनच घेतलं. शेंगदाणाही शेंगवर्गातलाच, त्यामुळे गृहीत धरू नका.

खरी मेख हिंगात निघाली. बाजारातल्या बांधानी, म्हणजे मिसळणीच्या, हिंगात बरेचदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. डबीवरचे घटक वाचून तांदळाच्या पिठाचा मिळाला तर घ्यायचा, नाहीतर हिंग वगळायचा आणि ओवा वाढवायचा. मी ओव्यावर भागवलं, कुणाला कळलंही नाही. बेसन मात्र जांभळी नाक्यावरून सुटं आणत नाही. एकच मापटं बेसनात आणि दाण्यांत फिरतं. चक्कीवर दळून आणावं तर आधी कुणाचे तरी गहू दळलेले असतात. सध्या सीलबंद पाकीट, आणि तेही मागची बारीक अक्षरं वाचून.

साहेबांसाठी हिशोबही मांडला: २०० ग्रॅम बेसन, ५० ग्रॅम डाळ, २५ वड्या, म्हणजे वडीमागे कार्ब्ज साधारण ६ ग्रॅम. चिठ्ठी ट्रेला टेकवून ठेवते. ते वाचतात, मोजून घेतात आणि इन्सुलिनचं त्यांचं ते बघतात. मी सल्ला देत नाही.

गोडाचं घोडं अजून अडलंय. डाळं, सुकं खोबरं आणि एरिथ्रिटॉल (हाही साखरेचा पर्याय) यांचा लाडू. एरिथ्रिटॉलनं रक्तातली साखर जवळजवळ हलत नाही, पण गोडी साखरेच्या ६० ते ७० टक्केच, आणि जिभेवर पेपरमिंटसारखा गारवा रेंगाळतो. वेलची आणि चिमूटभर मीठ घातल्यावर तो दबला. तुपाऐवजी खोबरेल तेल घातलं, कारण दुधाची अ‍ॅलर्जी असलेला नवा मुलगा रुजू होतोय. फ्रीजमध्ये लाडू दगड, पण खोबरेल २४-२५ अंशांनाच वितळतं, म्हणून लोकलमध्ये डबा उघडावा तर तळाशी चिखल. आता बर्फाची पिशवी घालून नेते आणि थेट पँट्रीच्या फ्रीजमध्ये ठेवते.

पुढचा मुक्काम खंडेनवमी. त्या दिवशी कॉम्प्युटरला हार आणि सगळ्यांना पेढे असतात. पेढ्यांच्या जागी हेच लाडू मांडायचा बेत आहे. पँट्रीतल्या मामांना सांगून ठेवलंय, केकची सुरी या ट्रेला लावायची नाही. ठाणे-ऐरोली पट्ट्यात फक्त डाळीच दळणारी गिरणी कुणाला माहीत असेल तर कळवा, सुट्या बेसनाची चव पाकिटाला येत नाही.