तुम्ही विचारलंत म्हणून: ते श्वापद नक्की कोण?

मला ठाऊक आहे आणि मी लपवून ठेवलंय, असं काही नाही. प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, तेराव्या अध्यायात येणारं श्वापद म्हणजे आजचा कोण, सहाशे सहासष्ट हा कोणाचा आकडा, हे मला भायखळ्यापासून विरारपर्यंत प्रत्येक प्रार्थनासभेत विचारतात. लग्नाच्या पंगतीत विचारलंय, मयतीहून परतताना लोकलमध्ये विचारलंय. मी कोणाचंही नाव घेत नाही म्हटलं की समोरच्याला वाटतं, हिला पाळकांनी दम दिलाय. कोणी दम दिलेला नाही. एकदाच लिहून टाकते.

ज्या दृष्टान्ताचा अर्थ वचनातच, म्हणजे बायबलातच, दिलाय, तो तिथूनच घ्यायचा. दानीएल संदेष्ट्याच्या पुस्तकात आठव्या अध्यायात मेंढा आणि बकरा झुंजतात; गब्रिएल देवदूत येऊन सांगतो की मेंढा म्हणजे मेदी आणि पारशी राजे, बकरा म्हणजे ग्रीसचा राजा. संपलं. यहेज्केल संदेष्ट्याने पाहिलेली सुकी हाडं म्हणजे इस्राएलाचं घराणं, हे त्याच अध्यायात लिहिलंय. सोन्याच्या सात समया म्हणजे विश्वासणाऱ्यांच्या सात मंडळ्या, हे प्रभू स्वतः प्रकटीकरणाच्या पहिल्याच अध्यायात सांगतो. जिथे सांगितलेलं नाही तिथे बघायचं की ही चित्रं आली कुठून. प्रकटीकरण लिहिणाऱ्या योहानाचं श्वापद चित्त्यासारखं, पाय अस्वलाचे, तोंड सिंहाचं. दानीएलाच्या सातव्या अध्यायातली जनावरं त्याने एकाच कातड्यात कोंबली आहेत. म्हणजे प्रश्न एखाद्या माणसाच्या आधारकार्डावरच्या नावाचा नाही, स्वतःला देव म्हणवून घेणाऱ्या सत्तेचा आहे.

आकड्याचं म्हणाल, तर रोमचा सम्राट नीरो कैसर याचं नाव ग्रीक वळणाने 'नेरोन कैसर' असं हिब्रू अक्षरांत लिहून अक्षरांच्या किमतींची बेरीज केली की ६६६ येते, आणि 'नेरोन'मधला शेवटचा 'न' गाळला की ६१६. काही जुन्या हस्तलिखितांत खरोखरच ६१६ आहे. मला हा अर्थ पटतो. आयरेनियस या दुसऱ्या शतकातल्या बिशपाला तो सुचलेला दिसत नाही. इसवी सन १८० च्या सुमारास त्याने दोन-तीन वेगळीच नावं मांडली आणि वर म्हटलं की अंदाज बांधण्यापेक्षा वाट बघणं बरं. म्हणजे योहानानंतर शंभर वर्षांच्या आतच हे कोडं सुटेनासं झालं होतं. आणि आपल्याला ते बुधवारच्या बायबल अभ्यासात साडेआठपर्यंत सुटायला हवं असतं.

हे सगळं मी आता इतक्या शांतपणे सांगते. पंचविशीतल्या मी हे ऐकून घेतलं नसतं. आमच्या घरी भिंतीवर दानीएलाच्या दृष्टान्तांचा रंगीत तक्ता होता: पुतळा, चार श्वापदं, दहा शिंगं. दहा शिंगं म्हणजे युरोपचा सामायिक बाजार, कारण १९८१ साली ग्रीस आत आला आणि देश झाले दहा. पुढे १९८६ मध्ये स्पेन आणि पोर्तुगाल आले, शिंगं बारा झाली, तरी तक्ता उतरला नाही. दोन गळतील, असं वडिलांचं म्हणणं. हसू नका. त्या तक्त्यासमोर बसून मी दानीएल जितका वाचला तितका पुढे कुठल्याही टीकाग्रंथासोबत वाचला नाही. आणि ती पंचविशीतली पोरगी अजून मला विचारते, सगळं नीरोतच संपत असेल तर आम्ही हे वाचायचं कशाला? तिला मी उत्तर देते, ते तिला पुरत नाही. मलाही रोज पुरतं असं नाही.

आता आत्याचं. हे मी सहसा सांगत नाही.

आत्या नगरहून मुंबईला आली आणि एका इस्पितळात आया म्हणून तिची सगळी नोकरी झाली. करी रोडला चाळीत एकटी राहते. रेशन दुकानात अंगठा लावायचं मशीन आलं आणि तिने रेशन बंद केलं. कोणाला सांगितलं नाही. मला कळलं ते तिचा तांदळाचा डबा रिकामा दिसला तेव्हा. तेव्हा तीन रुपये किलोने मिळणारा तांदूळ सोडून ही वाण्याकडून अर्धा अर्धा किलो आणत होती. विचारलं, तर तिने चष्मा लावला आणि तेरावा अध्याय काढून माझ्यापुढे धरला. "वाच की. उजव्या हातावर नाहीतर कपाळावर खूण. आणि खुणेशिवाय विकत घेता येत नाही, देता येत नाही. आता सांग, रेशनवाला काय करतो?"

मी पट्टीची शिकवणारी बाई. मी सगळं सांगितलं. पुढच्याच ओळी वाचून दाखवल्या. चौदाव्या अध्यायाच्या सुरुवातीला कोकऱ्याबरोबर, म्हणजे ख्रिस्ताबरोबर, एक लाख चव्वेचाळीस हजार उभे आहेत आणि त्यांच्या कपाळांवर कोकऱ्याचं आणि पित्याचं नाव आहे. ते नाव गोंदवलेलं आहे असं कोणी म्हणतं का? मग ही खूण तेवढी मशीनची कशी? जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात देवाच्या आज्ञा हाताला बांधायच्या आणि डोळ्यांच्या मध्ये लावायच्या सांगितल्या आहेत. श्वापद त्याचीच नक्कल करतंय. हात म्हणजे तू कोणासाठी राबतेस, कपाळ म्हणजे तू कोणाला मानतेस. आत्या ऐकत होती. शेवटी म्हणाली, "तू शिकलेली आहेस. चल."

दुकानात रांग होती. तिने उजवा अंगठा ठेवला, मशीनने घेतला नाही. पदराला पुसून परत ठेवला, नाही. फिनेल आणि भांडी यांनी तिची बोटं गुळगुळीत झालेली. मागचे लोक कुरकुरायला लागले तशी ती माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "बघ, देवानेच पुसून ठेवलंय." दुकानदाराने तिचं मधलं बोट धरून दाबलं आणि पावती सरकन बाहेर आली. तांदूळ मी उचलला. वाटेत ती बोलली नाही.

रात्री फोन. "चौदावा पुढे वाचला. खूण घेणाऱ्यांच्या पीडेचा धूर युगानुयुग वर जातो म्हणे. आता माझं काय गं?"

मी म्हटलं, आत्या, तिथे आधी श्वापदाला नमन करणारे म्हटलंय आणि मग खूण घेणारे. तू नमन कुठे केलंस? ती म्हणाली, "मला वाटत होतं की ती खूण आहे. वाटत असून तांदळासाठी बोट दिलं. नमन आणखी काय असतं?"

प्रेषित पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात नेमकं हेच लिहिलंय. कुठलाही पदार्थ मुळात निषिद्ध नाही, पण जो निषिद्ध समजतो त्याला तो निषिद्ध आहे. आणि जे विश्वासाने नाही ते पाप. हा उतारा मी वर्षानुवर्षं शिकवलाय. माझा अर्थ चुकीचा नव्हता. आजही मी तोच सांगेन, शब्द बदलणार नाही. पण त्या रात्री बरोबर अर्थ माझ्याकडे होता आणि झोप तिची उडाली होती.

तुम्ही म्हणाल, बिचारी अडाणी. तसं म्हणू नका. त्या सात मंडळ्यांपैकी एक, आजच्या तुर्कस्तानातल्या थुवतीराची; तिला प्रकटीकरण वाचून दाखवलं गेलं तेव्हा ऐकणारे लोक धंद्यातले होते. जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी लुदिया त्याच गावची. तिथे रंगाऱ्यांचे, चांभारांचे, कुंभारांचे संघ होते, आणि संघाच्या जेवणावळी देवतांच्या नावाने होत. तिथे बसलं नाही तर गिऱ्हाईक गेलं. शेजारच्या पर्गमात तर इसवी सनापूर्वी २९ सालापासून कैसराच्या पूजेला देऊळ होतं. विकत घेणं, देणं आणि नमन करणं यांच्यात आपण जी भिंत घालतो, ती त्यांना दिसत नव्हती. आत्यालाही दिसली नाही. योहानाचे श्रोते तिच्या जास्त जवळचे होते की माझ्या?

तिने तिचा मार्ग काढला. दर महिन्याला जाते, डाव्या हाताचं बोट देते. वचनात उजवा लिहिलाय ना, म्हणते. मी कपाळाला हात लावला. इतकं अक्षरशः वाचून ती सुटली, आणि माझ्या रीतीने वाचून अडकली होती.

म्हणून कोणी खुर्ची पुढे ओढून 'नाव सांगा' म्हणालं की मी चिडते. नाव ऐकून तुम्ही घरी जाऊन झोपता. कोणीतरी मात्र तांदूळ बंद करतं.

आता यावर तुमचा पुढचा प्रश्न मला माहीत आहे: वचनातच अर्थ दिला असेल तिथे तरी ठामपणे सांगाल ना? सध्या आम्ही प्रकटीकरणाचा सतरावा अध्याय वाचतोय. देवदूत स्वतः सांगतो, श्वापदाची सात डोकी म्हणजे सात डोंगर, आणि सात राजेही. पाच पडले, एक आहे, एक यायचाय. यापेक्षा स्पष्ट काय हवं? आता रोमचे कैसर ज्युलियसपासून मोजा, ऑगस्टसपासून मोजा, नीरोनंतर दीड वर्षात येऊन गेलेले तिघे धरा किंवा सोडा. दर वेळी 'आहे' म्हटलेला सहावा कैसर वेगळा निघतो. माझा नियम इथे मलाच कमी पडतोय. तुमचं मोजून झालं की घेऊन या.