चिकनगुन्यानंतर एएनए पॉझिटिव्ह आला तेव्हा

ताप उतरला, अंगावरचं पुरळ गेलं, पण बोटं काही मिटेनात. सकाळी मूठ वळायलाच तासभर लागायचा. मी घरी शाळेचे युनिफॉर्म शिवते. कापड बेतायची मोठी कात्री धरली की मनगटातून कळ जायची. त्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत घरटी एक तरी चिकनगुन्याचा पेशंट होता. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, पिंपं भरून ठेवावीच लागतात, आणि एडिस डासाला तेवढं साठलेलं पाणी बास होतं.

महिना उलटला तरी सूज हटेना, म्हणून आमच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. रिपोर्ट मोबाइलवर आला. आरए फॅक्टर, म्हणजे आमवातात बहुधा वाढणारी अँटीबॉडी, थोडा वाढलेला. एएनए, म्हणजे स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकाविरुद्धच्या अँटीबॉडीज, पॉझिटिव्ह, १:१६०, स्पेकल्ड (ठिपक्याठिपक्यांची चमक). आमवाताचीच दुसरी तपासणी, अँटी-सीसीपी, निगेटिव्ह होतं, पण नजर जाते ती ठळक अक्षरांतल्या ओळींवरच. जाऊबाईंच्या माहेरी एकीला ल्युपस आहे, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार. त्या रिपोर्ट बघून गप्पच झाल्या. त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

संधिवाताच्या डॉक्टरांनी मात्र रिपोर्ट बाजूला ठेवला आणि आधी माझे हात हातात घेतले. एकेक पेर दाबून पाहिलं. केस गळतात का, तोंडात फोड येतात का, उन्हात चेहऱ्यावर चट्टे उठतात का, गार पाण्यात बोटं पांढरी पडतात का, सगळं विचारलं. मग म्हणाले, "ताई, आता कागद बघू."

१:१६० म्हणजे रक्तातलं सीरम १६० पट पातळ केलं तरी पेशीच्या केंद्रकाला चिकटणाऱ्या अँटीबॉडीज मायक्रोस्कोपखाली चमकतात. ठणठणीत शंभर माणसांचं रक्त तपासलं तर पाचेक जणांत हे सापडतं. १:८० ला तर तेराच्या आसपास. ल्युपसच्या २०१९ च्या निकषांत १:८० चा एएनए हा नुसता उंबरठा आहे, तो ओलांडल्यावर लक्षणं, लघवीतलं प्रथिन, रक्तपेशी, डीएसडीएनए (डीएनएविरुद्धच्या अँटीबॉडीज) हे सगळं बघून मग गुण मोजतात. व्हायरसशी झुंजताना शरीर नाना अँटीबॉडीज तयार करतं, त्यात आरए फॅक्टरही काही काळ वाढू शकतो. अँटी-सीसीपी निगेटिव्ह आहे ही जमेची बाजू, पण तेवढ्यावर आमवात नाही असंही म्हणता येत नाही, कारण ते निगेटिव्ह असलेले आमवाताचे पेशंटही असतात. म्हणून लक्ष ठेवायचं, घाई करायची नाही.

चिकनगुन्याचा आयजीएम (अलीकडच्या संसर्गाची खूण असलेली अँटीबॉडी) पॉझिटिव्ह आला, लघवी आणि डीएसडीएनए नॉर्मल. दुखण्यापुरत्या गोळ्या मिळाल्या. शेजारच्या काकू "एक इंजेक्शन घे, लगेच मोकळी होशील" म्हणत होत्या. असलं इंजेक्शन बहुतेकदा स्टिरॉइडचं असतं. निदानाआधी ते घेतलं की सूज दबते आणि डॉक्टरांच्या बोटांना काही सापडतच नाही. माझ्या मते हे आपल्याकडे फार हलक्यात घेतात.

काही महिन्यांनी आरए फॅक्टर आणि सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी तपासणी) दोन्ही नॉर्मल झाले. एएनए परत करायला मीच आग्रह धरला होता, पण डॉक्टरांनी नको म्हटलं: तो आकडा वर्षानुवर्षं तसाच राहू शकतो, त्यावरून उपचार बदलत नाहीत. ते पचायला मला वेळ लागला. आता कात्री धरता येते, सकाळचं आखडणं दहा-पंधरा मिनिटांत सुटतं. पुन्हा सूज आली, तोंडात फोड आले किंवा लघवीला फेस दिसला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता यायचं, असं त्यांनी फाईलवर लिहून दिलंय.