लघुग्रहाचा वर्णपट आणि ताऱ्यांची हमाली

माझ्या मार्गदर्शक मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "आधी तारे ठरव, लघुग्रहाचं मग बघू." लघुग्रहाचा अवरक्त वर्णपट, म्हणजे त्याच्याकडून येणारा डोळ्यांना न दिसणारा, लाल प्रकाशापलीकडचा प्रकाश तरंगलांबीनुसार पसरवून, घेताना बराचसा वेळ लघुग्रहावर जात नाही, लघुग्रह नसलेलं सगळं काढून टाकण्यात जातो. हे वाक्य मी तेव्हा वहीत लिहून घेतलं. त्याचा अर्थ दुर्बिणीवर बसल्यावर कळला.

आमचा लघुग्रह पृथ्वीजवळून जाणाऱ्यांपैकी होता. दृश्य प्रकाशातला त्याचा वर्णपट आधीच कुणीतरी घेतलेला होता आणि तो एस गटातला, म्हणजे सिलिकेट खडकांचा, दिसत होता. पण तेवढ्यावर खनिजांचं प्रमाण सांगता येत नाही. ऑलिव्हिन हे खनिज १ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीच्या आसपास प्रकाश शोषतं, पायरॉक्सिन हे खनिज १ आणि २ मायक्रॉन अशा दोन्ही ठिकाणी. तिथे वर्णपटात खळगा, म्हणजे पट्टा, दिसतो. या दोन पट्ट्यांचे मध्य कुठे येतात आणि त्यांच्या क्षेत्रफळांचं गुणोत्तर किती, यावरून तो कुठल्या जातीच्या अशनींशी (पृथ्वीवर पडलेल्या अवकाशी दगडांशी) जुळतो ते ठरवता येतं. इटोकावा या लघुग्रहाचं उदाहरण डोळ्यांसमोर होतंच. जमिनीवरून घेतलेल्या वर्णपटावरून त्याचं साम्य एलएल कॉन्ड्राइटशी (लोह कमी असलेल्या दगडी अशनींच्या एका जातीशी; एल ही तिची शेजारची जात) सांगितलं गेलं होतं, आणि २०१० मध्ये हायाबुसा या जपानी यानाने आणलेल्या कणांनी ते खरं ठरवलं.

निरीक्षणाच्या वेळेसाठी अर्ज केला हवाईतल्या मौना केआ पर्वतावरच्या नासाच्या इन्फ्रारेड टेलिस्कोप फॅसिलिटीकडे. ३.२ मीटरची दुर्बीण, सुमारे ४,२०० मीटर उंचीवर, म्हणजे हवेतली बहुतेक वाफ खालीच राहते. तिचा निम्मा वेळ सूर्यमालेसाठी राखीव असतो आणि निरीक्षण आपल्या टेबलावर बसून करता येतं. अर्जात सर्वांत जास्त घाम काढला तो 'हे अवरक्तातच का हवं' या परिच्छेदाने. बाकी लघुग्रहाची रोजची जागा, वेग, तेजस्विता हे सगळं नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेच्या होरायझन्स या ऑनलाइन सेवेतून मिळतं.

रात्रीचं उपकरण स्पेक्स हा वर्णपटलेखक, प्रिझम मोडमध्ये (कमी बारकाव्याचा, पण सगळा पल्ला एकदम देणारा), साधारण ०.७ ते २.५ मायक्रॉन. दुर्बीण लघुग्रहाच्या वेगाने चालवली की तारे रेघोट्या होतात आणि एक ठिपका जागच्या जागी राहतो. तोच आपला. त्याला उपकरणाच्या ०.८ आर्कसेकंद (अंशाचा ३६०० वा भाग म्हणजे एक आर्कसेकंद) रुंद फटीत बसवायचं आणि फटीबाहेर सांडलेल्या उजेडावर नजर ठेवून दुर्बीण त्याच्यावर रोखलेली ठेवायची. फट क्षितिजाला उभी राहील अशी फिरवून घ्यावी लागते. नाहीतर हवेतल्या वक्रीभवनाने निळ्या बाजूचा प्रकाश फटीबाहेर जातो आणि वर्णपटाला खोटाच उतार येतो. नवख्याला हा उतार लघुग्रहाचाच वाटू शकतो.

एक फ्रेम, म्हणजे एक छायाचित्र, दोन मिनिटांची. त्याहून लांब घेण्यात अर्थ नसतो, कारण वातावरणातल्या हायड्रॉक्सिलची चमक मिनिटामिनिटाला बदलते. म्हणून लघुग्रह फटीत एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला ठेवायचा आणि एका फ्रेममधून दुसरी वजा करायची. भांड्याचं वजन आधी करून मग माल तोलावा तसं. आकाश गेलं, उरला तो लघुग्रह. पण अजून वातावरणातून गाळून आलेला, आणि मुळात सूर्याचाच परावर्तित प्रकाश.

आता तारे. सूर्यासारख्या ताऱ्याने भागलं की हवा आणि सूर्य दोन्ही जायला हवेत. अडचण अशी की खरोखर सूर्यासारखे, नीट तपासलेले तारे मोजकेच: हायडीज ६४, लँडोल्टच्या यादीतला एसए ९८-९७८ वगैरे. ते आकाशात आपल्या सोयीच्या जागी कशाला असतील? वाफ तर दिशेप्रमाणे बदलते. मग दोन जातीचे तारे घ्यायचे. लघुग्रहाच्या शेजारचा, जवळपास तेवढ्याच एअरमासवरचा (प्रकाश तेवढ्याच जाडीच्या हवेतून येणारा) साधा जी वर्गाचा, म्हणजे सूर्याच्याच वर्गातला, तारा हवेसाठी, आणि वरच्या तपासलेल्या यादीतला नामांकित तारा सूर्यासाठी. शेजाऱ्याला नामांकिताने भागल्यावर जी किंचित तिरकी रेघ येते ती त्या शेजाऱ्याचा स्वभाव. तेवढी दुरुस्ती लघुग्रहाला लावायची. आणि दोन नामांकित तारे एकमेकांनी भागून सपाट रेघ येते का, हे मी दर वेळी पाहत होते. ज्या भागात ती सपाट येत नाही, तिथल्या लघुग्रहाच्या खाचाखोचांवर माझा विश्वास नाही. प्रकाशित वर्णपटांमध्ये हे भागाकारही छापायला हवेत असं माझं मत आहे, पण ते क्वचितच दिसतात.

फ्रेम्सचं संस्करण स्पेक्सटूल या स्पेक्ससाठीच्या सॉफ्टवेअरमध्ये झालं. फ्लॅट (एकसारख्या उजेडाची फ्रेम, पिक्सेलमधला फरक काढायला), आर्गनचा दिवा (तरंगलांबी ठरवायला), वर्णपट काढणे हे सरळ आहे. चिकाटी लागते ती तारा आणि लघुग्रहाचे वर्णपट पिक्सेलच्या अंशाने पुढे-मागे सरकवून जुळवायला. ते नीट जुळले नाहीत तर १.४ आणि १.९ मायक्रॉनला, जिथे हवेतली वाफ प्रकाश शोषते, खोटे काटे उभे राहतात.

शेवटी दोन्ही पट्टे स्वच्छ दिसले. १ मायक्रॉनचा मध्य आत्मविश्वासाने सांगता आला. क्षेत्रफळांच्या गुणोत्तराचं तसं नाही: १.९ ची वाफ नेमकी दुसऱ्या पट्ट्याच्या पोटात बसते, शिवाय २.५ च्या अलीकडे वर्णपट संपतो, त्यामुळे पट्ट्याची उजवी कड कुठे धरायची हा निवडीचा प्रश्न होतो. आम्ही कड वेगवेगळ्या ठिकाणी धरून पाहिली आणि जो फरक पडला तो त्रुटीत मिळवला. त्रुटीची रेघ लांबली. उत्तर लिहिलं ते 'एलएल, पण एल नाकारता येत नाही' असं. मॅडमना ते पटलं, मला थोडं खटकलं. कच्च्या फ्रेम्स आणि सगळ्या ताऱ्यांच्या नोंदी सोबत जोडल्या आहेत. कुणाला दुसऱ्या ताऱ्याने भागून पाहायचं असेल तर पाहता येईल.