मांडवा ते गणपतीपुळे: चार खाड्या, चार फेरीबोटी आणि रांगेतलं युक्रेन

मुंबईहून गणपतीपुळ्याला गोवा महामार्गाने जाता येतं, आणि किनाऱ्याकिनाऱ्याने चार खाड्या फेरीबोटीतून ओलांडतही जाता येतं. हा वृत्तांत दुसऱ्या वाटेचा. या वाटेने वेळ वाचेल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. खाडीवरचा प्रवास दहा-पंधरा मिनिटांचा असतो, पण बोट नुकतीच सुटली असेल किंवा शनिवार-रविवार असेल तर धक्क्यावर तास-दीड तास सहज जातो. चारही खाड्या एका दिवसात उरकायला निघालात की तिसऱ्या धक्क्यावर घोडं पेंड खातं. दोन मुक्काम धरा: पहिला श्रीवर्धन-हरिहरेश्वर पट्ट्यात, दुसरा दापोली नाहीतर गुहागर तालुक्यात.

सुरुवात भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या रो-रोने करावी. गाडीसकट साधारण तासाभरात पलीकडे. या बोटीचं आरक्षण आधी करावं लागतं आणि पावसाळ्यात हवामान बिघडलं की फेरी रद्द होते. पुढे अलिबाग, रेवदंडा-साळाव पूल, काशीद, मुरूड. त्यापुढच्या चार खाड्या अशा: राजपुरी खाडीवर आगरदांडा-दिघी, सावित्रीच्या मुखाशी बागमांडले-वेसवी, वाशिष्ठीवर धोपावे-दाभोळ (आपण उत्तरेकडून येतो म्हणून दाभोळ आधी) आणि शास्त्रीच्या मुखाशी तवसाळ-जयगड.

बोट चुकली किंवा बंद असली तर काय, हे निघण्यापूर्वीच ठरवून ठेवा. दिघीला म्हसळ्यावरून वळसा आहे. वेसवीसाठी आंबेत-म्हाप्रळ पूल आहे, पण त्याच्या दुरुस्तीचं शुक्लकाष्ठ संपत नाही, तेव्हा आधी चौकशी करावी. दाभोळला बोट नसेल तर दापोली-खेड-चिपळूण-गुहागर, म्हणजे शंभर किलोमीटरच्या वरची फेरी. तवसाळचं त्या मानाने सोपं, भातगावच्या पुलावरून पलीकडे जाता येतं. रेवस-रेड्डी सागरी महामार्गात या खाड्यांवर पूल व्हायचे आहेत. बाणकोटच्या, म्हणजे सावित्रीच्याच खाडीत अर्धवट पुलाचे खांब बघितले की 'व्हायचे आहेत' याचा अर्थ नीट कळतो.

बोटीवर गाडी चढवताना होणारी गडबड बहुतेक ओहोटीमुळे होते. पाणी उतरलं की बोटीची फळी आणि धक्क्याचा उतार यांत कोन पडतो, आणि सेडान किंवा खाली बसलेली हॅचबॅक तिथे पोटावर घासते. उपाय साधा आहे: माणसं उतरवा, डिकीतलं जड सामान कमी करा, पहिल्या गिअरमध्ये क्लच न सोडता-पकडता एका दमात पण सावकाश चढा. मध्येच ब्रेक मारला की मागचं चाक ओल्या शेवाळावर घसरतं. काही बोटींना दार एकाच बाजूला असतं, तिथे गाडी रिव्हर्समध्ये घालावी लागते. खलाशी हाताने दाखवतो त्याच्याकडेच बघा, शेजारी बसलेल्यांच्या सूचना ऐकू नका. गाडी लागली की इंजिन बंद, हँडब्रेक वर, गिअर अडकवलेला.

भरतीची वेळ ॲपशिवाय काढायची जुनी रीत अजून चालते. तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, तेव्हा भरती दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमाराला पूर्ण, आणि ओहोटी सव्वासहा तासांनी. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास, आणि तेच उधाण. हा हिशेब मुंबईच्या बाजूला जास्त जुळतो, रत्नागिरीकडे भरती थोडी आधी येते. उधाणाच्या दिवसांत ओहोटीही खोल जाते, म्हणून पौर्णिमेच्या संध्याकाळी सहा-सातला धक्क्यावर पोचणाऱ्या खालच्या गाड्यांचे हाल ठरलेले. हेच गणित न करता काशीदला किंवा दापोलीकडच्या मुरूड-कर्द्याला पुळणीवर गाडी उतरवणारे दर सुट्टीत सापडतात. पुळणीवर गाडी नेणं मुळात चूक, पोलीस कारवाईही होते. पण फसलीच तर ॲक्सिलरेटर दाबू नका, चाक आणखी रुततं. चारही टायरची हवा निम्म्यावर आणा, चाकापुढे पायपुसण्या घाला, आणि पाणी चढायला लागलं असेल तर घासाघीस न करता ट्रॅक्टरवाल्याला बोलवा.

पेट्रोल-डिझेल श्रीवर्धन, दापोली, गुहागर इथे भरून घ्या. मधल्या टापूत पंप शोधत फिरायची वेळ येऊ नये. वेळास-केळशीच्या घाटीत मोबाइलची रेंज दगा देते, त्याबरोबर यूपीआयही. तिकीट, चहा, खानावळ यांसाठी शंभर-दोनशेच्या नोटांत दोन हजार रुपये जवळ असू द्या. गाडीचं तिकीट वेगळं आणि चालकाशिवाय बाकीच्या माणसांचं वेगळं.

आता रांगेबद्दल. तासभर गाडी बंद करून उभं राहायचं म्हटल्यावर माणसं बोलणारच, आणि या किनाऱ्यावर परदेशातलं युद्ध हा विषय लवकर निघतो. घराघरातून कुणीतरी जहाजावर असतो, त्यामुळे काळा समुद्र आणि तांबड्या समुद्राच्या तोंडाशी असलेली बाब-अल-मंदेबची सामुद्रधुनी ही नावं इथे भूगोलाच्या पुस्तकातली नाहीत. 2022 च्या मार्चमध्ये युक्रेनच्या मिकोलाइव बंदरात 75 भारतीय खलाशी अडकले होते. 2023 च्या नोव्हेंबरपासून येमेनमधल्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले आणि सुएझची वाट सोडून जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली. घरी येण्याची तारीख तेवढी पुढे गेली.

रांगेतली मतं मात्र बहुतेक कबड्डीचा सामना बघितल्यासारखी असतात. पुतिनने कसा हिसका दाखवला, अमेरिकेने युक्रेनला कसं हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. आमचं मत सरळ आहे. 24 फेब्रुवारी 2022 ला रशियाने शेजारच्या स्वतंत्र देशात रणगाडे घातले, आणि ते चूक होतं. नाटोच्या विस्ताराबद्दल रशियाची तक्रार खरी धरली तरी तक्रारीने दुसऱ्याची शहरं उद्ध्वस्त करायचा परवाना मिळत नाही. 2 मार्चला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत 141 देशांनी निषेधाच्या बाजूने मत दिलं, 35 तटस्थ राहिले, त्यात आपण. वीस हजारांच्या आसपास विद्यार्थी तिथून बाहेर काढायचे होते, शस्त्रास्त्रं रशियाची, तेव्हा तटस्थ राहण्यामागचा हिशेब समजतो. पण हिशेबाला न्याय म्हणू नये.

"त्यांचं भांडण, आपल्याला काय?" असं टेम्पोवाल्याने विचारलं तर त्याला बोटीच्या कठड्याशी न्यावं. दाभोळहून धोपाव्याला जाताना पलीकडे वेलदूर-अंजनवेलच्या बाजूला एन्रॉनचा म्हणून ओळखला जाणारा वीजप्रकल्प दिसतो. क्षमता 1,967 मेगावॅट, इंधन गॅस. रशियाची पाइपलाइन आटल्यावर 2022 मध्ये युरोपने जहाजांतून येणारा एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू) मिळेल त्या भावाने उचलला आणि आशियातले भावही विक्रमी चढले. असल्या भावात गॅसवर वीज करणं परवडत नाही. पुढच्याच खाडीवर, जयगडला, 1,200 मेगावॅटचा प्रकल्प आहे, तो आयात कोळशावर. कोळशाचंही त्या वर्षी तेच झालं. म्हणजे लागोपाठच्या दोन खाड्यांवर दोन वीजप्रकल्प, आणि दोन्हींचं सरपण बहुतांशी समुद्रापलीकडून येतं. टेम्पोच्या डिझेलचं तर त्याला पाठच असेल: 22 मार्च 2022 पासून जवळजवळ रोज ऐंशी पैशांपर्यंत वाढ, सोळा दिवसांत दहा रुपये. नंतर रशियाचं तेल सवलतीत आलं. युद्धाआधी आपल्या आयातीत दोन टक्क्यांच्या आसपास असलेला त्याचा वाटा तिसऱ्या हिश्श्याच्या वर गेला. स्वस्त तेल घेण्याला आमचा विरोध नाही, पण त्या स्वस्ताईतलं पंपावर किती उतरलं हे टेम्पोवाल्यानेच सांगावं.

खानावळीतही हेच. तळलेल्या सुरमईचा भाव वाढला की मासळीला दोष दिला जातो, पण 2022 च्या उन्हाळ्यात कढईतलं तेलच महागलं होतं. सूर्यफुलाचं तेल मुख्यतः युक्रेनमधून यायचं ते थांबलं, आणि एप्रिलच्या अखेरीस इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही आठवडे बंद केली. तळण नको असेल तर तिखलं, म्हणजे माशाचं तिखट कालवण, सांगा. घरगुती खानावळीत जेवणाची वर्दी दोन-तीन तास आधी द्यावी लागते. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा 'ताजी' मासळी कुठली हे विचारून घ्यावं.

एक पथ्य पाळा. ज्या घरी उतराल तिथे भिंतीवर गणवेशातला मुलाचा फोटो दिसला तर "आता कुठल्या समुद्रात?" असं आपणहून विचारू नका. त्यांनी विषय काढला तर ऐका. आणि त्या घरातला धाकटा जहाजावर नोकरीला जायच्या तयारीत असेल तर दोन गोष्टी सांगून ठेवायला हरकत नाही. एजंटचा आरपीएसएल (खलाशी भरतीचा) परवाना नौवहन महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर तपासावा, जागेसाठी पैसे मागणाऱ्याला दारात उभं करू नये. आणि खलाशांच्या संघटना व जहाजमालक यांच्यातल्या आंतरराष्ट्रीय कराराखालच्या जहाजावर युद्धक्षेत्र जाहीर झालेल्या पाण्यात जायला नकार देता येतो, कंपनीच्या खर्चाने परतता येतं. गेलं तर मूळ पगाराएवढा भत्ता आणि मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास दुप्पट भरपाईची तरतूद असते. करारात हे कलम आहे का, ते सही करण्याआधी वाचावं.

जयगडला उतरल्यावर गणपतीपुळ्यापर्यंत फेरीबोट नाही. संध्याकाळी उशिरा तवसाळला पोचणार असाल तर शेवटच्या फेरीची वेळ गुहागरमधूनच फोन करून विचारा, हंगामाप्रमाणे ती बदलते. परतताना किनाऱ्याने येऊ नका. रत्नागिरीहून हातखंब्याला महामार्ग गाठा, घाटमाथ्यावरचे असाल तर तिथूनच आंबा घाटाने कोल्हापूर. मुंबईकरांनी कशेडीच्या बोगद्याने यावं आणि रविवारी दुपारी बाराच्या आत चिपळूण सोडावं, नाहीतर माणगावात गाडी खोळंबते.