सी-८ चा उंट

दुपारी जेवून आडवं पडायचं आणि मोबाईलवर कुठल्यातरी बुद्धिबळ स्पर्धेचा लाईव्ह डाव लावायचा ही माझी जुनी खोड. आज काळ्याने पहिल्याच चालीला राजासमोरचं प्यादं ई-६ घरात सरकवलं, म्हणजे फ्रेंच डिफेन्स नावाची सुरुवात, आणि माझी झोपच उडाली. कारण फ्रेंच म्हटलं की मला पटावर दुसरं काही दिसतच नाही, फक्त सी-८ वरचा, म्हणजे सुरुवातीच्याच घरात अडकलेला, काळ्याचा तो उंट दिसतो. आपल्याच प्याद्याने दार लावून घेतलंय आणि हा आत.

नाव फ्रेंच का, तर १८३४ मध्ये पॅरिसवाले लंडनवाल्यांशी पत्राने डाव खेळले त्यात हे वापरलं आणि जिंकले. पुढे १९२७ ला ब्यूनोस आयर्सला जगज्जेतेपदाच्या सामन्यात अलेखाइनने जगज्जेत्या कापाब्लांकाला पहिल्याच डावात काळ्याकडून याच फ्रेंचने हरवलं, पण नंतर दोघंही क्वीन्स गँबिट डिक्लाइन्ड या दुसऱ्या सुरुवातीला जे चिकटले ते ३४ पैकी ३२ डाव तेच! आणि त्यातही सी-८ चा उंट ई-६ च्या मागेच कोंडलेला. कुठेही जा, याची सुटका नाही.

मला हे दादाने शिकवलं. "उंटाचं टेन्शन घेऊ नको, त्याचं नंतर बघू," एवढंच. पहिल्याच स्पर्धेत समोर एक काका, त्यांनी तिसऱ्या चालीला प्यादं ई-५ ला नेऊन पाचर मारली. मी आपला कॅसलिंग करून (राजा हत्तीच्या आडोशाला नेऊन), प्यादं एफ-६ ला ढकलून, वेळ मिळेल तसा उंट सरकवतोय, डी-७, ई-८, आणि अखेर एच-५! समोरचा घोडा वजिरापुढे जखडला. मला इतकं भारी वाटलं की मी हाताची घडी घालून त्या उंटाकडेच बघत बसलो. काका कपाळाला हात लावून खाली मान घालून बसलेले, मला वाटलं विचारात पडले. बऱ्याच वेळाने हळूच म्हणाले, "बाळा, झेंडी पडली तुझी."

चाल केली होती, घड्याळाचं बटणच दाबलं नव्हतं. माझाच वेळ पळत राहिला आणि संपला.

बाहेर दादा उभा. "हरलास?"

"पण उंट काढला."

आजच्या डावात पंचविसाव्या चालीपर्यंत तरी तो सी-८ वरच होता. पुढे काय झालं माहीत नाही, झोप लागली.