ट्रॅक संपला, क्वायर थांबला नाही

फेब्रुवारी म्हणजे अमेरिकेत ब्लॅक हिस्टरी मंथ, कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना, आणि शिकागोच्या साउथ साइडला, म्हणजे शहराच्या दक्षिण भागात, साउंडवाल्यांचा सीझन. शाळा, कॉलेज, चर्च, सगळीकडे कार्यक्रम. मी लाइव्ह साउंड करते, म्हणजे प्रेक्षकांत मागे कन्सोलवर उभं राहून सभागृहात काय ऐकू येईल ते ठरवते. गेल्या फेब्रुवारीतल्या एका कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग अजून माझ्या टेबलावर आहे, आणि त्यातल्या चार ओळी मला सोडत नाहीत.

एका कॉलेजच्या सभागृहात कार्यक्रम होता. इथल्याच वस्तीतला एक तरुण रॅपर, त्याचा छोटा बँड आणि एका बाप्टिस्ट चर्चचा चाळीसेक जणांचा क्वायर, म्हणजे गायकवृंद. शेवटचं गाणं ‘जीझस वॉक्स’.

हे गाणं कान्ये वेस्टचं, 2004 सालच्या त्याच्या पहिल्या अल्बममधलं. तो वाढला याच साउथ साइडला, आणि त्याच्यासोबत ते लिहिणारा र्‍हाइमफेस्टही शिकागोचाच. गाण्याच्या तळाशी एका क्वायरचा आवाज सतत फिरत राहतो. तो आहे न्यूयॉर्कमध्ये हार्लेमला व्यसनमुक्ती केंद्र होतं, त्या केंद्राच्या एआरसी क्वायरचा. नशेतून बाहेर पडणारी माणसं ‘येशू, माझ्यासोबत चाल’ अशा अर्थाचं जुनं आध्यात्मिक गीत गातात. त्यातला एक तुकडा कापून, ज्याला सॅम्पल म्हणतात, त्याचा लूप केला, वर लष्करी कवायतीसारखा ढोल घातला आणि त्यावर रॅप: पोलीस, रस्त्यावरची पोरं, मोह, भीती, आणि देवाशी बोलायचंय पण किती दिवसांत बोललोच नाही, ही कळ. बंदुकीची आणि वासनेची गाणी रेडिओवर खुशाल वाजतात, देवाचं नाव घेतलं की वाजवणार नाहीत, अशी तक्रारही त्यात आहे. वाजलं मात्र ते भरपूर. 2005 मध्ये सर्वोत्कृष्ट रॅप गाण्याचं ग्रॅमी त्यालाच मिळालं.

सॅम्पल वापरलेलं असं गाणं खऱ्या क्वायरसोबत स्टेजवर आणायचं, हे माझ्यासाठी वर्षातलं सगळ्यात अवघड काम. गॉस्पेल म्हणजे इथल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधलं भक्तिसंगीत. त्याचा क्वायर युरोपियन पद्धतीसारखा चार पट्ट्यांत गात नाही. बायकांचे उंच आवाज म्हणजे सोप्रानो, खालचे आल्टो, आणि पुरुषांचे टेनर, एवढंच. जाड आवाजाचे पुरुषही टेनरच गातात, त्यामुळे सगळा जोर मधल्या आणि वरच्या पट्टीत येतो. त्यांच्यासमोर मी चार कंडेन्सर माईक लावते. माईक गायकांपासून जेवढा लांब, त्याच्या निदान तिप्पट अंतर दोन माईकांमध्ये ठेवायचं, नाहीतर एकच आवाज दोन माईकांत मागेपुढे शिरतो आणि पोकळ होऊन बाहेर पडतो. प्रत्येकाच्या हातात माईक द्या म्हणणारे आयोजक भेटतात. त्यांना चाळीस माणसं ऐकायची असतात, क्वायर नव्हे. त्यात हिप हॉपचा सब-बेस, अगदी खालचा घुमणारा आवाज. तो जमिनीतून रायझरमध्ये, म्हणजे क्वायर उभा असतो त्या पायऱ्यांमध्ये, चढतो आणि क्वायरच्या माईकांत शिरतो. खालचं सगळं कापलं नाही तर सोप्रानोच्या तोंडून ढोल ऐकू यायला लागतो. सोबत हॅमंड ऑर्गन, जो याच शहरात जन्मला, आणि त्याचा लेस्ली स्पीकर, ज्याच्या आत शिंग गरगर फिरतं. वरच्या शिंगाला दोन माईक, खालच्या ड्रमला एक. ऑर्गनवाले काका सत्तरीचे, पण लेस्लीचा वेग बदलायचा खटका ते इतक्या नेमक्या जागी दाबतात की मी त्यांचा आवाज कमीजास्त करायच्या पट्टीला, फेडरला, हात लावत नाही.

आयोजकांनी कार्यक्रम चित्रित करायला एक प्रोड्यूसर आणला होता. माणूस जाहिरातीतून आलेला. त्याला क्वायर हवा होता, पण आवाज रेकॉर्डमधल्यासारखा. म्हणून लॅपटॉपवरून मूळ सॅम्पल वाजवायचं आणि जिवंत क्वायर त्याच्यावर ‘हलकासा’ ठेवायचा, असं त्याचं म्हणणं. त्याचा बघण्याचा रोख कायम स्क्रीनवर असायचा, स्टेजवर नाही. अशी माणसं वाढत चाललीत आणि त्यांचं ऐकावं लागतं, कारण पैसे त्यांच्याकडून येतात.

तालमीला क्वायरमध्ये आधीच कुजबुज होती. 2022 मध्ये कान्येनं ज्यू लोकांबद्दल जे विष ओकलं, त्यानंतर त्याचं काहीही गायचं नाही असं काही जणांनी ठरवलेलं. एक आल्टो तर कोट घालून दाराशी उभ्या होत्या. क्वायर चालवणाऱ्या बाईंनी वाद घातला नाही. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, “बेबी, मला ते सॅम्पल एकट्याचं ऐकव. बाकी काही नको.”

मी बाकीचे चॅनल बंद केले आणि फक्त तो तुकडा सभागृहात सोडला. ढोल नाही, रॅप नाही. थोडेसे चिरकलेले, एकमेकांना धरून असलेले आवाज. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. बाई म्हणाल्या, “ही हार्लेमची माणसं आहेत. नशा सोडताना गात होती. हे गाणं कान्येच्या आधीचं आहे, त्यांच्याही आधीचं आहे, माझ्या पणजीच्याही. ज्यांना जायचंय त्यांनी जा, मी रागावणार नाही.” दोघं गेले. कोट घातलेल्या आल्टो राहिल्या.

मी मूळची नगरची. आमच्या घरात नारायण वामन टिळकांची भजनं पेटीवर गायली जायची, आणि टिळकांनी ख्रिस्ती कीर्तनं कशी उभी केली ते आजोबा सांगायचे. त्यामुळे या क्वायरची एक गोष्ट मला चटकन कळते. कीर्तनात बुवा निरूपणात रंगले की मागचे टाळकरी धृपद धरून ठेवतात, बुवांचा हात हलेपर्यंत. गॉस्पेलमध्ये गाण्याच्या शेवटी एकच ओळ अशीच फिरत राहते. तिला ते व्हॅम्प म्हणतात. किती वेळा फिरवायची ते कुठंच लिहिलेलं नसतं. समोरची माणसं बघून क्वायर चालवणारा ठरवतो, आणि हाताच्या खुणेनं सांगतो: पुन्हा, हळू, फक्त टेनर, अर्धा स्वर वर. लॅपटॉपमधला लूपसुद्धा फिरतो, पण तो समोर बघत नाही. आमच्या मांडणीत शेवटी ओळ आठ वेळा, मग काळोख. लॅपटॉपमध्ये आठच होत्या. बाईंनी मान डोलावली होती. मला तेव्हाच वाटलं होतं की या आठवर थांबणार नाहीत.

कार्यक्रमाआधी पांढरे हातमोजे घातलेले एक वयस्कर अशर माझ्याकडे आले. चर्चमध्ये माणसांना बसवायचं काम करणारे. म्हणाले, “मुली, तो क्लबचा बेस जरा कमी कर. देवाचं गाणं आहे.” मी थोडा कमी केलाही. पण ही तक्रार या शहरात नवी नाही. ज्या थॉमस डॉर्सी यांना गॉस्पेल संगीताचे जनक म्हणतात, ते आधी ‘जॉर्जिया टॉम’ नावानं ब्लूज हे क्लबातलं संगीत वाजवायचे, गायिका मा रेनी यांच्यासोबत. त्यांनी ती ब्लूजची चाल देवाच्या गाण्यात आणली तेव्हा शिकागोतल्या कित्येक चर्चनी त्यांना दारातून परत पाठवलं होतं. 1932 मध्ये त्यांची बायको बाळंतपणात गेली, पाठोपाठ बाळही गेलं, आणि त्या दुःखात ‘प्रेशस लॉर्ड’ लिहिलं गेलं. ते आता याच अशर काकांच्या चर्चमध्ये प्रत्येक अंत्यविधीला गातात. हिप हॉप आणि क्वायर एकत्र आले की कुणीतरी धर्म बाटवला अशी ओरड होते. मला ते पटत नाही. क्लब आणि चर्च यांच्यामधला रस्ता इथं कायम वाहताच होता.

गाणं सुरू झालं. पोरानं दोन्ही कडवी झकास म्हटली. शब्द स्वच्छ, श्वास जागेवर, माईक तोंडापासून हलू दिला नाही. मग तो स्टेजच्या पुढच्या कडेला गेला आणि ठरल्याप्रमाणे मान खाली घालून उभा राहिला. क्वायरची ओळ सुरू झाली. लोक उठून उभे राहत होते. सातवी फेरी चालू असताना बाईंनी उजव्या हाताचं बोट हवेत गोल फिरवलं. पुन्हा.

हेडसेटमध्ये प्रोड्यूसर: “आठला कापा.” आठवी संपली. लॅपटॉपवरच्या मुलानं घाबरून तो तुकडा लूपवर टाकला, म्हणून सॅम्पल चालूच राहिलं. प्रोड्यूसर: “क्वायर खाली घे. सॅम्पलवर फेड कर.” तेवढ्यात बाईंचा अंगठा वर गेला. मी ऑर्गनकडे पाहिलं. काकांनी डाव्या हातानं स्वरांच्या दोन पायऱ्या चढल्या, लेस्लीचा खटका दाबला आणि सगळा क्वायर अर्धा स्वर वर गेला.

सॅम्पल जिथं होतं तिथंच राहिलं. अर्ध्या स्वराचं अंतर म्हणजे काय, ते संगीत न शिकलेल्या माणसालाही दातात कळतं. मी सॅम्पलचा चॅनल बंद केला. ड्रमरला ताल दाखवणारी टिकटिक, क्लिक, तोही त्याच ट्रॅकमध्ये होता, तोही ड्रमरच्या कानातून काढला. तो काकांच्या उजव्या हाताकडे बघून वाजवत राहिला. हेडसेटमध्ये माझं नाव दोनदा ऐकू आलं. मी उत्तर दिलं नाही. चाळीस माणसं आणि एक फाइल वेगवेगळ्या स्वरांत असतील तर कुणाला बंद करायचं, यात विचार करण्यासारखं मला काही दिसत नाही. आजही दिसत नाही.

पुढचं मात्र दिसत राहतं. पोरानं कानातला एक इन-इअर, म्हणजे स्टेजवरचा आवाज ऐकायचा छोटा इअरफोन, ओढून काढला, मान वर केली आणि बोलायला लागला. ठरलेलं नव्हतं. तालमीत कधी म्हटलेलंही नव्हतं. माझ्या मीटरवर त्याचा चॅनल हलताना दिसला, सभागृहात काही ऐकू येईना. मी त्याला वर घेतलं, क्वायरचे चारही माईक खाली ओढले. पण फेडर खाली आला तरी माणसं खाली येत नाहीत. चाळीस गळे भरात असले की सभागृहाला स्पीकरची गरज उरत नाही, आणि पोराचा आवाज आणखी वर नेला असता तर स्पीकरमधून शिट्टी वाजली असती. तिथून आवाज कमी करू शकणारी एकच व्यक्ती होती, आणि तिची पाठ पोराकडे होती.

कळलं ते आल्टोंमुळे. त्यांची नजर बाईंच्या हातावरून सरकून बाईंच्या मागे गेली, आधी दोघींची, मग सगळ्या रांगेची. बाईंनी वळून पाहिलं नाही. त्यांनी तळवा पालथा केला आणि सावकाश खाली आणला. क्वायर गुणगुणण्यावर आला. मी माझे फेडर परत वर ठेवले, कारण आता दोघींनी मिळून कमी केलं असतं तर क्वायर नाहीसाच झाला असता.

तिथून पुढचं सगळ्यांनी ऐकलं. पोरगा घरापासून शाळेपर्यंतचा आपला रस्ता सांगत होता, कोपऱ्याकोपऱ्यानं. या कोपऱ्यावर सोबत चाल, पुढच्या दुकानापाशी चाल, रात्री परत येताना चाल. मागे क्वायर तेच म्हणत होता. लोकांनी टाळ्याही वाजवल्या नाहीत, नुसते “येस” म्हणत राहिले. शेवट बाईंनी मूठ मिटून केला.

प्रोड्यूसर खाली येऊन मला काय काय बोलला ते लिहीत नाही. त्याचा मुद्दा एवढाच की शेवटचा भाग त्याच्या व्हिडिओत बसत नाही. त्याच्या कामापुरतं ते खरंही आहे, कॅमेरे काळोखासाठी लावलेले होते. पण हे सॅम्पल कुठून आलं, तिथली माणसं कशासाठी गात होती, हे त्यानं एकदाही विचारलं नाही. अशा माणसाच्या हातात असं गाणं देऊ नये असं माझं मत आहे, आणि आयोजकांना मी ते सांगितलंय.

घरी प्रत्येक चॅनल सुटा करून ऐकताना पोराच्या माईकमधल्या त्या पहिल्या चार ओळी मिळाल्या. सभागृहात कुणापर्यंतही न पोचलेल्या. कॉटेज ग्रोव्ह या रस्त्याच्या एका कोपऱ्यापासून तो सुरुवात करतो आणि तिथं काय झालं होतं ते सांगतो. ते त्याचं आहे, इथं लिहिणार नाही. त्याला तो चॅनल वेगळा पाठवला तेव्हा त्याचा फोन आला: लांब व्हिडिओत त्या ओळी ऐकू आल्या पाहिजेत, आईला ऐकवायच्यात.

आठ फेऱ्यांवर कापलेला छोटा व्हिडिओ प्रोड्यूसरनं नेला. लांबचा चर्चकडे जाणार आहे आणि तो मी मिक्स करतेय. बाईंचं म्हणणं, त्या वेळी क्वायर त्याच्यावरून गेला होता, तो तसाच जाऊ दे. नंतर यंत्रात बसून एकाला वर काढायचं आणि चाळिसांना दाबायचं, हेच तर आपण त्या रात्री होऊ दिलं नाही. मला त्यांचं पटतं आणि पोराचंही पटतं. त्या ओळींखाली क्वायर उरू देऊन पोराचा आवाज किती उचलायचा, एवढ्यावर गेले काही दिवस आमचं फोनवर चाललंय. बाई एक डेसिबलच्या पुढं जायला तयार नाहीत, मी तीन मागतेय.