डिले बॉक्समध्ये कोणता आकडा घालायचा?

अमेरिकेतल्या ब्रॅकेट रेसिंगमध्ये, म्हणजे सरळ पट्टीवरच्या ड्रॅग रेसिंगच्या एका प्रकारात, जिंकायला सर्वांत वेगवान गाडी लागत नाही. आपली गाडी पाव मैल किती सेकंदांत कापेल हे चालक शर्यतीआधीच जाहीर करतो आणि तो आकडा काचेवर लिहितो. हा डायल-इन. दोन गाड्यांच्या डायल-इनमध्ये जितका फरक, तितके सेकंद हळू गाडी आधी सुटते. जाहीर केल्यापेक्षा लवकर पोचलात तर ब्रेकआउट, आणि प्रतिस्पर्ध्याने त्याहून मोठी चूक केली नसेल तर तुम्ही हरलात. त्यामुळे हौशी शर्यतीचा निकाल पुष्कळदा सुरुवातीच्या रेषेवरच लागतो.

एक उदाहरण घेऊ. तुमचा डायल-इन ९.८०, गाडी धावली ९.८१२ आणि रिॲक्शन टाइम, म्हणजे हिरव्या दिव्यानंतर सुटायला लागलेला वेळ, ०.०१२. डायल-इनपेक्षा जास्त लागलेला वेळ आणि रिॲक्शन टाइम यांची बेरीज ०.०२४. समोरचा अगदी डायल-इनवर धावला, पण सुटला ०.०३० ला. बेरीज ०.०३०. तुम्ही ६ हजारांश सेकंदांनी जिंकलात. मागे राहिलेली गाडी ताशी २१५ किलोमीटरने येत असेल तर हे अंतर साधारण ३६ सेंटिमीटर भरतं. ३६ सेंटिमीटर इंजिनातून काढायचे तर खर्च किती येतो हे ज्याला माहीत आहे, त्याने सुटण्याच्या क्षणावर मेहनत घेतलीच पाहिजे.

लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर झालेल्या व्हॅली रनमुळे ड्रॅग रेसिंग मराठी वाचकांना अनोळखी राहिलेलं नाही. डिले बॉक्स, म्हणजे चालकाने बटण सोडल्यावरही गाडी ठरवलेला वेळ धरून ठेवणारं उपकरण, मात्र मुळात अमेरिकन ब्रॅकेट रेसिंगमधली वस्तू आहे, म्हणून इथले नियम आणि आकडे तिथलेच आहेत.

सुरुवातीला दिव्यांचा खांब, म्हणजे ख्रिसमस ट्री. एनएचआरए या अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंग संघटनेने तो १९६३ मध्ये आणला. त्याआधी झेंडा दाखवणारा माणूस असे. ब्रॅकेटमध्ये फुल ट्री वापरतात. तीन पिवळे दिवे अर्ध्या अर्ध्या सेकंदाने लागतात आणि तिसऱ्यानंतर अर्ध्या सेकंदाने हिरवा. म्हणजे पहिल्या पिवळ्यापासून हिरव्यापर्यंत बरोबर १.५०० सेकंद. पुढचं चाक स्टेजच्या, म्हणजे सुटण्याच्या रेषेवरच्या, प्रकाशकिरणातून बाहेर पडलं की गाडी सुटली असं धरतात. हिरवा लागल्यापासून त्या क्षणापर्यंतचा वेळ म्हणजे रिॲक्शन टाइम. चाक हिरव्याच्या आधी बाहेर पडलं तर लाल दिवा. पाव मैलाचं घड्याळ चाक बाहेर पडल्यावरच सुरू होतं, त्यामुळे उशिरा सुटल्याने धावेचा वेळ बिघडत नाही. शर्यत मात्र हातची जाते.

आता मुख्य हिशेब. रिॲक्शन टाइम हा एकट्या चालकाचा आकडा नाही. पहिला पिवळा दिसल्यापासून बटण सोडेपर्यंत चालकाचा वेळ, बटण सुटल्यापासून ट्रान्सब्रेक (गाडी जागीच धरून ठेवणारी गिअरबॉक्समधली सोय) सुटेपर्यंत बॉक्सने धरलेला वेळ, आणि ट्रान्सब्रेक सुटल्यापासून चाक किरणाबाहेर जाईपर्यंत गाडीचा वेळ, या तिन्हींची बेरीज करून त्यातून १.५०० वजा करायचे. चालक ०.१९०, डिले १.०३० आणि गाडी ०.२९० धरली तर बेरीज १.५१०, म्हणजे रिॲक्शन टाइम ०.०१०.

बॉक्स नसलेल्या वर्गात तिसऱ्या पिवळ्यावर सुटतात आणि हाताशी फक्त अर्धा सेकंद असतो. वरचाच चालक आणि तीच गाडी तिथे ०.४८० मध्ये बाहेर पडेल, म्हणजे ०.०२० ने लाल. तिथे गाडीच हळू किंवा चपळ करून घ्यावी लागते. बॉक्सवाल्याला तेच काम आकडा फिरवून करता येतं. शिवाय तिसऱ्या दिव्याची वाट पाहताना पहिल्या दोन दिव्यांचा ठेका मनात बसतो आणि अंगठा अंदाजाने उचलला जातो. पहिला पिवळा अवचित लागतो. त्याला दिलेला प्रतिसाद दर वेळी जास्त सारखा असतो. एनएचआरएच्या स्थानिक ब्रॅकेट मालिकेत बॉक्स फक्त सुपर प्रो वर्गात चालतो, हे गाडी बांधण्याआधीच लक्षात घ्या.

पण बॉक्स तुम्हाला चपळ करत नाही. तुमचे सगळे आकडे तो एकदम पुढे किंवा मागे सरकवतो, त्यांचं विखुरणं जसंच्या तसं राहतं. नवे लोक इथेच फसतात.

नव्या गाडीत डिले १.१०० ठेवून सुरुवात करा. पाच धावा आकड्याला हात न लावता करा. समजा ०.०७८, ०.०८४, ०.०७१, ०.०८० आणि ०.०९२ आले. टायर घसरला किंवा स्टेजिंग चुकलं असं नक्की माहीत असलेली धाव सोडून द्या आणि तिच्या जागी दुसरी करा. उरलेल्यांतला मधला आकडा घ्या, इथे ०.०८०. लक्ष्य ०.०१४ असेल तर ६६ हजारांश कमी करायचे, म्हणजे डिले १.०३४.

लक्ष्य ०.००० का नाही, तर विखुरण्यामुळे. वरच्या पाच धावांचं प्रमाण विचलन ७ ते ८ हजारांश आहे; ७ धरू. लक्ष्य ०.०१० ठेवलं तर साधारण १३ धावांत एकदा लाल दिवा लागेल. ०.०१४ ठेवलं तर ४४ धावांत एकदा. चार हजारांश देऊन एवढी सुरक्षितता मिळते, आणि एका रात्रीत सलग सहा-सात फेऱ्या जिंकायच्या असतील तर हा सौदा घ्यावाच. विखुरणं ३-४ हजारांशावर आणलंत की मग लक्ष्य खाली घ्या, त्याआधी नको.

दुसरी सवय त्याहून महाग पडते: प्रत्येक धावेनंतर आकडा बदलण्याची. ०.०२१ आला की ७ काढले, पुढच्या वेळी ०.००५ आला की ९ घातले. धावांमधला फरक निव्वळ योगायोगाचा असेल तर अशा पाठलागाने विखुरणं सुमारे १.४ पट होतं. ७ हजारांशाचे १० होतात. शिकलेला चालक स्वतःच्याच हाताने स्वतःला बेभरवशाचा करून घेतो. तीन-चार धावा एकाच बाजूला झुकल्या किंवा कारण हाती लागलं, तरच बॉक्सला हात लावा.

कारण शोधायला धावेच्या चिठ्ठीवरचा ६० फुटांचा वेळ बघा. रिॲक्शन उशिरा आणि ६० फूट नेहमीसारखे, तर चालक उशिरा सुटला. डिलेला हात लावू नका. रिॲक्शन उशिरा आणि ६० फूटही जास्त, तर गाडी मंदावली: आरपीएम, तेलाचं तापमान, टायर तपासा. रिॲक्शन उशिरा पण ६० फूट जवळपास तितक्यानेच कमी, तर गाडी किरणात उथळ, म्हणजे जेमतेम शिरून, उभी होती. ही तिसरी खूण फार थोडे लोक बघतात आणि निष्कारण डिले कमी करून पुढच्या फेरीत लाल होतात.

उथळ-खोल याचं महत्त्व हिशेबाने दिसतं. चाकाला किरणातून बाहेर पडायला जेवढं अंतर जावं लागतं ते रोलआउट. ते २५० मिलिमीटर आणि सुटतानाचा त्वरण १२ मीटर प्रति सेकंद वर्ग धरला तर ०.२०४ सेकंद लागतात. गाडी २५ मिलिमीटर पुढे उभी असेल तर ०.१९४. एका इंचात एक शतांश सेकंद! म्हणून स्टेजचा दिवा लागताक्षणी थांबायचं, दर वेळी तसंच. ट्रान्सब्रेक लावून बटण थोडं थोडं सोडत गाडी पुढे सरकवण्याची सवय असेल तर सरकण्याचं प्रत्येक पाऊल लहान ठेवा. प्री-स्टेजचा, म्हणजे रेषेच्या जरा आधीच्या किरणाचा, दिवा विझेपर्यंत पुढे जाणं, म्हणजे डीप स्टेजिंग, बॉक्स असलेल्या गाडीत करू नये असं माझं ठाम मत आहे. त्यातून मिळणारा वेळ बॉक्समधून फुकट मिळतो आणि लाल दिव्याचा धोका वाढतो तो वेगळाच.

रोलआउट पुढच्या टायरवरही ठरतं. हवा कमी असेल तर टायर बसतो, किरणाच्या उंचीवर त्याची रुंदी वाढते आणि गाडी उशिरा बाहेर पडते. पुढच्या टायरची हवा प्रत्येक फेरीआधी एकाच गेजने, एकाच वेळी मोजा. उन्हात उभ्या गाडीच्या एका बाजूचा टायर जास्त तापतो हेही विसरू नका.

गाडीच्या वेळातला दुसरा मोठा भाग म्हणजे ट्रान्सब्रेक. तो ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये पहिला आणि रिव्हर्स एकदम पकडतो. त्याचा सोलेनॉइड (विजेवर चालणारा चुंबक) सुटला की तेलाचा दाब निघून जातो आणि रिव्हर्स सुटतो. तेल थंड असेल तर हे हळू होतं. गिअरबॉक्सच्या तेलाचा तापमापक बसवा आणि दर फेरीत त्याच आकड्यावर स्टेज करा. सुटतानाचे आरपीएम टू-स्टेप लिमिटरने, म्हणजे इंजिनाचा वेग ठरावीक आकड्यावर रोखणाऱ्या उपकरणाने, पक्के करा. गाडी लिमिटरवर स्थिरावायच्या आत ट्री सुरू झाली तर ती उशिराच सुटणार, म्हणून स्टेजचा दिवा लागताच ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून तयार राहायचं.

विजेकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. सोलेनॉइड सुटायला लागणारा वेळ व्होल्टेजवर अवलंबून असतो, त्यामुळे एका फेरीला बॅटरी पूर्ण भरलेली आणि दुसऱ्या फेरीला अर्धवट असं चालत नाही. पिटमध्ये दर फेरीनंतर चार्जर लावा. बॉक्सचा पुरवठा आणि अर्थिंग थेट बॅटरीपासून घ्या आणि वायर इग्निशनच्या वायरींपासून दूर न्या, नाहीतर स्पार्कच्या गोंगाटाने बॉक्स भलत्याच वेळी सुटू शकतो. सोलेनॉइडवर साधा डायोड लावला तर व्होल्टेजचा झटका दबतो, पण चुंबकत्व उतरायला जास्त वेळ लागतो आणि गाडीचा वेळ वाढतो. डायोड लावला, काढला किंवा मध्ये रिले घातला की पाच धावांचा हिशेब पहिल्यापासून करा.

बटण स्वस्त असतं, पण अख्खी साखळी त्यावर लटकते. आतला मायक्रोस्विच झिजला की तो सुटण्याची जागा बदलते. ठरावीक काळाने तो बदला आणि नवा स्विच सराव-ट्रीवर तपासून मगच शर्यतीत घ्या. अंगठा दर वेळी एकाच जागी हवा, बटण तळापर्यंत दाबलेलं हवं. वेळ वाचवायला अर्धवट दाबून धरणारे लोक आहेत. स्टेजवर गाडी थरथरली की तेच बटण आपोआप सुटतं. सराव-ट्रीवर बसताना सर्वांत चांगला आकडा लिहू नका, दहा वेळांमधला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा लिहा.

क्रॉसओव्हर ही बॉक्सची खास सोय. तुमचा डायल-इन ९.२० आणि समोरच्याचा १०.८५ असेल तर त्याचे दिवे तुमच्या १.६५ सेकंद आधी सुरू होतात. दोन्ही डायल-इन बॉक्समध्ये घातले की तुम्ही त्याच्या पहिल्या पिवळ्यावर बटण सोडता आणि बॉक्स १.६५ सेकंद आपोआप जास्त धरतो. त्याच्या दिव्यांनी विचलित व्हायचा प्रश्न उरत नाही. मात्र त्याचा आकडा १०.८५ ऐवजी १०.८३ असा घातला गेला तर तुम्ही २ शतांश लवकर सुटाल, म्हणजे जवळजवळ नक्की लाल. समोरच्याने रांगेत डायल-इन बदलला का, हे सोबत्याकडून स्टेजिंगच्या आधी पुन्हा विचारून घ्या. फरक दहा-पंधरा शतांशांचाच असेल तर दोघांचे पहिले दिवे जवळपास लागोपाठ लागतात आणि नजर गोंधळते. तेव्हा क्रॉसओव्हर बंद ठेवून आपल्याच दिव्यावर सुटणं मला जास्त पटतं.

शेवटची गोष्ट प्रकाशाची. दुपारी ट्रीच्या मागे सूर्य असेल तर पिवळा दिवा फिका दिसतो. अंधारात तोच डोळ्यांत भरतो आणि चालक काही हजारांशांनी लवकर सुटतो. जुन्या तारेच्या बल्बांना तापायला वेळ लागायचा, एलईडी तत्काळ लागतात, त्यामुळे दुसऱ्या ट्रॅकवर गेलात तर तिथले दिवे कोणते हे आधी विचारा. ऊन उतरताना हेल्मेटची काळी काच बदलायची असेल तर ती फेऱ्यांच्या मध्ये बदला, आणि अंधार पडल्यावरच्या पहिल्या फेरीत डिले ३ ते ५ हजारांश वाढवून सुटा. दिवसाचे आणि रात्रीचे आकडे वहीत वेगळ्या रकान्यांत ठेवलेत तर दोन-तीन शर्यतींनंतर तुमचा स्वतःचा फरक किती हे कळेल, आणि मग अंदाजाऐवजी तोच वापरा.